मी अजून दगड आहे का?

खेळाचा तास संपल्याची घंटा होऊन गेली होती. पाचवीची मुलं नळाकडे धावली होती आणि त्यांनी उडवलेली धूळ अजून खाली बसायची होती. मी मैदान आखायचे प्लास्टिकचे कोन गोळा करत कडेकडेने चालले होते, एकात एक बसवत, काखेत धरत. शेवटचा कोन झाडामागे होता, जिथे फक्कीची रेषा भिंतीला जाऊन टेकते. तो उचलायला वाकले तर तिथे ती होती. एक गुडघा जमिनीला टेकलेला, एक हात झाडाच्या बुंध्यावर, मान मैदानाच्या उलट बाजूला वळलेली. हलत नव्हती. पडली की काय, लागलं की काय, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात ती मान न वळवता, ओठसुद्धा जेमतेम हलवत म्हणाली, "बाई, मी अजून दगड आहे का?"

खेळ माझाच होता. दोन चेटकिणी, बाकीचे सगळे वाटसरू. चेटकिणीचा हात लागला की ज्या अवस्थेत असाल त्याच अवस्थेत दगड व्हायचं. सोडवायला येणाऱ्याने नुसता हात लावून भागत नाही. त्याने दगडासमोर येऊन हुबेहूब तसंच व्हायचं, तोच पाय वर, तीच मान वाकडी, आणि तीन अंक मोजायचे. मग दोघंही मोकळे. हा नियम मी मुद्दाम घातला होता. विष-अमृत खेळताना मुलं धावता धावता 'अमृत' म्हणून पाठीवर थाप मारतात आणि पुढे निघून जातात. आपण कुणाला जिवंत केलं हे त्यांना विचारलं तर सांगता येत नाही. मला वाटलं, तीन अंक मोजेपर्यंत तरी एका मुलाने दुसऱ्या मुलाकडे नीट बघावं. आणि त्या दिवशी मुलं तशी बघत होती. मैदानभर पुतळ्यांच्या जोड्या उभ्या राहत होत्या आणि विरघळत होत्या. कुणी एका पायावर, कुणी हात पसरून, कुणी शिंकायच्या बेतात थबकलेलं, आणि समोर तसंच शिंकायच्या बेतातलं दुसरं कुणी. ते बघण्यात मी इतकी रंगले की मोजायचं राहून गेलं. ४२ मुलं होती. नळाकडे ४१ गेली.

मी तिला म्हटलं, "नाही गं, तास संपला ना. जा, पाणी पी." ती उठली. गुडघ्याला माती चिकटली होती, ती तशीच राहू दिली. आणि चालत गेली, धावत नाही.

ते "तास संपला ना" त्या दिवसापासून माझ्या मागे लागलं आहे.

खरं तर किती सोपं होतं. कोन खाली ठेवायचे, तिच्यासमोर गुडघा टेकायचा, हात बुंध्यावर ठेवायचा, मान वळवायची. एक, दोन, तीन. खेळातला दगड खेळाच्या नियमाने सुटला असता. मी तिला घंटेने सोडवलं. मोठ्या माणसाच्या अधिकाराने, बाहेरून. ती जिथे होती तिथे मी गेलेच नाही. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, मूल विसरूनही गेलं असेल. असेल. पण जिने सांगितलेला नियम ते मूल बारा-पंधरा मिनिटं माती टोचत असताना पाळत राहिलं, तिनेच तो नियम एका वाक्यात मोडून टाकला, हे मला काही विसरता येत नाही.

शिवाशिवीच्या खेळात मी स्वतः काही वर्षं लिंबूटिंबू होते. मोठ्या भावंडांचा खेळ असायचा आणि मला घ्यायलाच हवं अशी घरातली ताकीद असायची. लिंबूटिंबूला पकडलं तरी राज्य येत नाही. सगळ्यांबरोबर धावायचं, ओरडायचं, दमायचं, पण आपल्या धावण्याचा हिशेब कुठेच होत नाही. त्यात एक सुरक्षितपणा होता हे खरं, आणि तो मला आवडायचा हेही खरं. पण एका संध्याकाळी माझ्या पाठीवर हात पडला, मी वळून बघितलं आणि चुलतभाऊ म्हणाला, "अरे, ही होय," आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्याच्या मागे गेला. पाठीवर त्याच्या पंजाची ऊब होती अजून. 'ही होय' या दोन शब्दांनी ती ऊब काढून घेतली. त्यानंतर मी हट्टाने राज्य मागून घेतलं आणि पूर्ण संध्याकाळभर ते माझ्यावरून उतरलं नाही. अंधार पडेपर्यंत मी एकटी सगळ्यांच्या मागे धावत होते. छातीत कळ येत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी त्या संध्याकाळइतकं महत्त्वाचं मला त्या वयात क्वचितच वाटलं असेल.

राज्य. किती विचित्र शब्द शोधलाय आपण. ज्याच्यापासून सगळे पळतात, ज्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नाही, त्याच्यावर 'राज्य आलं' असं आपण म्हणतो. जणू एका क्षणात सगळं मैदान त्याच्या नावावर झालं आणि मैदानातली माणसं मात्र निघून गेली. जपानी मुलं पकडणाऱ्याला 'ओनी' म्हणतात, म्हणजे राक्षस. फ्रेंच मुलांचा पकडणारा मांजर असतो. इराणातल्या एका खेळात तो लांडगा असतो आणि उंचावर चढलेल्याला तो पकडू शकत नाही. फ्रान्समध्येही मांजराचा असा एक खेळ आहे, उंचावर चढलात की वाचलात. आपल्या डोंगर-पाण्यातही डोंगरावर गेलेला सुरक्षितच असतो. इतक्या दूरदूरच्या मुलांना एकच नियम सुचावा याचं मला नवल वाटतं, पण त्याहून जास्त नवल वाटतं ते या नावांचं. स्पॅनिश मुलं तर 'आता ते तुझ्याकडे आहे' एवढंच म्हणतात. 'ते' म्हणजे काय, हे कुणीच सांगत नाही. सांगायची गरजही पडत नाही. स्पर्शातून काहीतरी एका अंगातून दुसऱ्या अंगात गेलं आहे, हे पाच वर्षांच्या मुलालासुद्धा कळतं.

म्हणजे शिवाशिवीत कल्पना वरून घालावी लागत नाही. ती मुळातच आहे. राक्षस, मांजर, लांडगा, राजा. शारीरिक शिक्षणाच्या तासाला आम्ही उलट करतो: गोष्ट काढून घेतो आणि नुसतं धावणं ठेवतो. 'हा पकडणार, तुम्ही पळणार, लागला हात की बाद, बाद झालेले रेषेबाहेर.' मीही कितीतरी वर्षं असंच घेत होते. मग एकदा एका वर्गावर मी फक्त एकाच मुलाकडे बघायचं ठरवलं. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा होता. पहिल्या डावात पहिल्याच झपाट्यात तो बाद झाला. दुसऱ्या डावात दुसरा की तिसरा. सबंध तासात तो धावला ती मिनिटं बोटांवर मोजता आली असती. उरलेला वेळ तो रेषेबाहेर मांडी घालून गवताची काडी सोलत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. ज्याला त्या मिनिटांची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आमचा खेळ सगळ्यात आधी खाली बसवतो.

हे काही माझं नवं शोधणं नव्हे. १९९२ साली नील विल्यम्स या अमेरिकी शारीरिक शिक्षण-तज्ज्ञाने शाळेत खेळवू नयेत अशा खेळांची एक यादीच छापली होती. जिथे मुलाची सगळ्यांसमोर मानहानी होते, जिथे बाद करून बसवून ठेवलं जातं, जिथे प्रत्यक्ष हालचाल फार थोडी होते, असे खेळ. त्यात संगीत खुर्चीही होती. यादी वाचून मला पटलं आणि थोडं दुखलंही, कारण त्यातले काही खेळ मी मनापासून खेळले आहेत. पुढे २००६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्राथमिक शाळेने मधल्या सुट्टीत शिवाशिवी खेळायलाच बंदी केली. मुलं पडतात, लागतं, शाळेवर जबाबदारी येते. पडलेल्या मुलाचं ढोपर मी कितीतरी वेळा धुतलं आहे, त्यामुळे ती काळजी मला कळते. पण बंदीचा मार्ग मला कधीच पटलेला नाही. मुलं एकमेकांच्या मागे धावणारच. २०१०मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या गोरिलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक गोरिला दुसऱ्याला फटका मारतो आणि पळत सुटतो, फटका खाल्लेला मागे लागतो, गाठतो, फटका देतो, आणि मग भूमिका उलटतात. मारून पळण्यातली ती मजा आपल्याहून फार जुनी आहे. ती कशी चालवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

ग्रीकांचा एक खेळ मला फार आवडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पोलक्स नावाच्या विद्वानाने तो लिहून ठेवला आहे. मध्ये एक रेषा, दोन बाजूंना दोन गट. एक शिंपला घ्यायचा, त्याची एक बाजू डांबराने काळी केलेली, दुसरी पांढरी. एक गट काळ्याचा, एक पांढऱ्याचा. कुणीतरी शिंपला उडवतो आणि ओरडतो, "रात्र, दिवस!" जी बाजू वर येईल तो गट पकडणारा, दुसऱ्याने पळायचं. मी शिंपल्याऐवजी पुठ्ठ्याची मोठी चकती घेते. ती हवेत गरगरत असते तेव्हा मैदानावर जे होतं ते एकदा तरी बघावं. सगळी अंगं पुढेही झुकलेली असतात आणि मागेही. टाचा उचललेल्या. श्वास धरलेला. आपण शिकारी आहोत की सावज हे कुणालाच माहीत नसतं, आणि चकती पडल्यावरही डोळ्यांनी बघितलेलं पायांपर्यंत पोचायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच. त्या पाव सेकंदात वर्गातला सगळ्यात वेगवान मुलगा खात्रीने चुकीच्या दिशेला निघतो, कारण त्याचे पाय त्याच्या डोळ्यांच्या आधी ठरवतात. आणि जी नेहमी थांबून विचार करते, म्हणून नेहमी पकडली जाते, ती मुलगी बरोबर वळते. त्या खेळात रडणारं मूल मी जवळजवळ बघितलेलं नाही. चकतीने ठरवलेलं कुणाच्या मनाला लागत नाही. पोलक्सने पुढे लिहिलंय की पळणाऱ्यांपैकी जो पकडला जाईल त्याला 'गाढव' म्हणत आणि तो खाली बसे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बाजूला ठेवलं. तेव्हाही कुणीतरी खाली बसलेलंच होतं.

माझ्या मैदानावर तो बसत नाही. तो रेषा ओलांडून दुसऱ्या गटात जातो. रात्रीचा दिवस होतो, दिवसाची रात्र. कधी कधी शेवटी सगळे एकाच बाजूला येतात आणि रेषेपलीकडे कुणीच उरत नाही, मग एकदम शांतता पसरते आणि कुणीतरी विचारतं, "आता कुणाशी खेळायचं?"

स्पर्शाचंही तसंच. एका वर्षी एक मुलगा होता, त्याच्या अंगाला कुणाचा हात लागला की तो अक्षरशः आक्रसायचा. पकडला जाण्याचं भय नव्हतं ते, हाताचंच होतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तोवर मी मुलांना फुलपाखराचा स्पर्श शिकवत असे. बोटांची टोकं फक्त, पाठीवर किंवा खांद्यावर, फुलपाखरू बसावं आणि उडावं तसं, ढकलायचं नाही. त्याने ढकलाढकल कमी झाली होती, पण या मुलाला फुलपाखरूही नको होतं. त्याच्यासाठी मी सावल्यांची शिवाशिवी काढली. पकडायचं ते सावलीला, पायाने. सावलीवर पाय पडला की गेलात. सकाळच्या पहिल्या तासाला सावल्या इतक्या लांब असतात की पळून उपयोग नसतो. डोकं एकीकडे वाचलं तरी सावलीचं डोकं दूर कुणाच्या तरी पायाखाली असतं. दुपारच्या तासाला त्याच सावल्या पायाशी गोळा होतात आणि पकडणाऱ्याला अगदी अंगाशी यावं लागतं. मुलांनी हे दोन दिवसांत ओळखलं. भिंतीच्या सावलीत आपली सावली लपवायची युक्तीही त्यांनीच काढली, आणि मग भिंतीपाशी दहा अंकांपेक्षा जास्त थांबायचं नाही हा नियमही. ढग आला की सगळेच एकदम मोकळे. सगळी मुलं माना वर करून ढगाकडे बघत उभी, आणि ढगाची कड सरकताना ओरडा, "येतंय, येतंय, ऊन येतंय!" तो मुलगा त्या खेळात बेभान धावायचा. त्याला मी आधी कधी पूर्ण उंचीने उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. त्याच्या सावलीवर मात्र सगळ्यांचे पाय पडले, आणि तो हसत होता.

सगळेच खेळ जमतात असं नाही. अमीबा फसला. एकाने दुसऱ्याला पकडायचं, हात धरायचे, तिसरा, चौथा, आणि चार झाले की दोन-दोनचे दोन अमीबा. कागदावर सुंदर वाटलं होतं. प्रत्यक्षात कुणी कुणाचा हात धरायचा यावरूनच अर्धा तास भांडणं झाली. तो मी दोनदा घेऊन सोडून दिला.

वणव्याचा खेळ मात्र टिकला. बरीच मुलं झाडं. पाय रुजलेले, हात हलवता येतात. दोन ठिणग्या धावत येतात. ठिणगीचा हात लागला की झाड पेटतं आणि धावायला लागतं, म्हणजे पकडले गेल्यावरच पाय सुटतात. निळे रुमाल घेतलेली तीन मुलं पाऊस. पावसाने शिवलं की पेटलेलं झाड पुन्हा जागच्या जागी रुजतं. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा मला अपेक्षित नव्हतं ते झालं. पेटलेल्या झाडांना विझायचं नव्हतं. पाऊस मागे लागला की ती जीव तोडून पळत होती. आणि एक मुलगी शेवटपर्यंत झाडच राहिली, तिला कुणी पेटवलंच नाही. तास संपल्यावर ती मला म्हणाली की तिला फार छान वाटलं, वारा येत होता. मी तिच्यासाठी आत कुठेतरी हळहळत होते आणि ती वाऱ्याबद्दल बोलत होती.

म्हणूनच झाडामागच्या त्या मुलीबद्दल मला खात्रीने काही म्हणता येत नाही. मी गृहीत धरलं की ती विसरली गेली आणि तिला ते लागलं. पण तिने हाक मारली नव्हती. टाइमप्लीज घेतलं नव्हतं. टाइमप्लीज हे तर खेळातलं सगळ्यात मोठं हत्यार. बूट सुटला, पोटात दुखलं, भीती वाटली, की एक शब्द उच्चारायचा आणि राज्य असलेल्याने हात मागे घ्यायचा. आयोना आणि पीटर ओपी या इंग्लिश दांपत्याने १९५०च्या दशकात शाळकरी मुलांकडून असे शब्द गोळा केले होते. स्कॉटलंडकडे मुलं 'बार्ली' म्हणत, लंडनकडे 'फेनाइट्स'. जेवढे भाग तेवढे शब्द, आणि बोटं एकमेकांवर चढवून दाखवायची खूण. मोठ्यांनी शिकवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, आणि तरी प्रत्येक मैदानावर सगळ्यात काटेकोरपणे पाळलं जातं ते हेच. दमलेल्याला हात लावायचा नाही. हे मुलांना कुणी शिकवलं असेल?

तिच्याकडे तो शब्द होता आणि तिने वापरला नाही. का? दगड होण्यातच तिला बरं वाटत होतं का? कुणी मागे लागणार नाही, कुणाच्या मागे लागायचं नाही, आणि तरी आपण खेळात आहोत. लहानपणीचं माझं लिंबूटिंबूपण आठवलं की हे शक्य वाटतं. पण मग तिने तो प्रश्न का विचारला? ज्याला दगड राहायचं आहे तो विचारत नाही.

आठवड्याने मी तिला एकटीला गाठून विचारलं, "त्या दिवशी झाडामागे काय करत होतीस गं इतका वेळ?"

तिने थोडा विचार केला. "ऐकत होते."

"काय?"

"सगळ्यांचे पाय," ती म्हणाली. "मला बघता येत नव्हतं ना, मान तिकडे होती. पण पाय ऐकू येत होते. कोण जवळ येतंय, कोण लांब जातंय. दोनदा कुणीतरी अगदी जवळ आलं होतं. मला वाटलं, आता." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "बाई, दगडाला थोडासा आवाज असला तर चालेल का?"

मी काय म्हणणार होते? ३०-३२ वर्षं मैदानावर काढली, मला हे सुचलं नव्हतं. मी कोन कुठे ठेवायचे, चेटकिणी किती, तास किती मिनिटांचा याचा विचार करत होते. ती मातीत गुडघा टेकून खेळाचा विचार करत होती. शिवाशिवीचा आता एक व्यावसायिक अवतारही आहे, १२ मीटर लांब-रुंद चौकात अडथळ्यांवरून उड्या मारत एकाने दुसऱ्याला २० सेकंदांत शिवायचं. तो बघताना मी थक्क होते, ते खेळाडू मांजरासारखे वळतात. पण तिथे शिवलं की फेरी संपते. हिच्या प्रश्नात शिवल्यानंतरचं काय, हे होतं.

पुढच्या तासाला मी वर्गाला सांगितलं की आजपासून दगड गुणगुणतील. तोंड बंद, आवाज फक्त नाकातून, एकच सूर, जमेल तेवढा वेळ, श्वास संपला की पुन्हा. नियम कुणी सुचवला हेही सांगितलं. तिने मान खाली घातली, पण कान तांबडे झालेले मला दिसले.

आधी नुसता हशा झाला. पहिला दगड गुणगुणायला लागला आणि स्वतःच हसून फुटला. मग हळूहळू हसू ओसरलं. चौथा-पाचवा दगड झाला तेव्हा मैदानाचा आवाज बदलला. एरवी शिवाशिवीचा आवाज म्हणजे किंकाळ्या. त्या होत्याच, पण त्यांच्या खालून एक घूं पसरत होती, कमी-जास्त होणारी, कुठे जाड, कुठे बारीक, भिंतीपाशी एक, कडेला दोन. चेटकिणींचंही धावणं बदललं. त्यांना आता कळत होतं किती दगड झाले ते. आणि सोडवणारे मध्येच थबकून कान देत होते. धावता धावता थांबून ऐकणारी मुलं मी शिवाशिवीत कधी बघितली नव्हती. मी मोजत होते. या वेळी डोळ्यांनीही आणि कानांनीही.

वर्गातला सगळ्यात वेगवान मुलगा, जो कधीच सापडत नाही, तो त्या दिवशी झाडाच्या मागून वळसा घेताना सापडला. नेमक्या त्याच कोपऱ्यात. एक पाय मागे हवेत, दोन्ही हात पंखांसारखे, छाती पुढे काढलेली. कठीण अवस्था होती. मला तो दिसत होता कारण मी मुद्दाम त्या बाजूला जाऊन उभी होते. मैदानावरून कुणालाच दिसला नसता. धाप लागल्यामुळे त्याचा सूर तुटत होता. एक घूं, मग श्वास, मग घूं. बाकीची मुलं आपापल्या गडबडीत. मी पुढे व्हायला एक पाऊल टाकलं आणि थांबले.

ती चालत आली. धावत नाही. मध्येच उभी राहिली, डोकं जरासं कलतं केलं, दिशा बदलली, आणि झाडाला वळसा घालून सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं, घाई न करता. मग एक पाय मागे उचलला, हात पसरले, छाती पुढे काढली. "एक," म्हणाली, "दोन," आणि तोल गेला. तिने पाय टेकला, फ्रॉक सारखा केला, परत पाय उचलला.

"एक."